एस्तेरबाई आणि त्यांच्या जाऊबाई

धक्के पचवण्याच्या बाबतीत मी मुळातच कच्ची. कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या हातातला चमचा पडतो. मांडवगण फराट्याच्या आमच्या घरात कुणी मोठ्याने हसलं तरी "जरा हळू" म्हणणारी माणसं होती. शरीराबद्दल तर बोलायचंच नाही, ते पदराखाली झाकून ठेवायचं आणि कुठेही दुखलं तरी डोकं दुखतंय म्हणून सांगायचं, ही माझी शिकवण. अशा बाईची नोकरीतली निम्मी वर्षं एस्तेरबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर जावीत, हा देवाचा चावटपणाच म्हणायचा. त्यांच्या देवाचा की माझ्या, ते मला सांगता येणार नाही.

शिरूरच्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायचे आणि त्या कवायत घ्यायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात काळ्या गोफाची शिट्टी. स्टाफरूममध्येही त्या ती शिट्टी काढत नसत. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "मंगळसूत्र नाही, निदान हे तरी दिसू दे." लग्न त्यांनी केलं नव्हतं. का नाही केलं, असं एकदा आमच्या मुख्याध्यापिकांनी विचारलं, तेव्हा "वेळेवर कुणी आलं नाही, आणि आलं तेव्हा मी मैदानावर होते" असं उत्तर देऊन त्यांनी डबा उघडला होता.

मैदानावर त्यांचं एकच वाक्य दिवसभर घुमायचं. "अंग चोरू नका गं!" आठवी-नववीतल्या पोरी, पाठीला पोक काढून, ओढणी सावरत उभ्या राहायच्या. बाई रांगेतून फिरत एकेकीच्या पाठीवर थाप मारायच्या. "काय चोरी केलीय का? मग सरळ उभी राहा." मी वर्गाच्या खिडकीतून बघायचे आणि माझाही खांदा नकळत मागे जायचा.

जुन्या मिशनच्या आवारात दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये त्या एकट्याच राहायच्या. त्या घरात महिन्याचा पहिला शनिवार हा मोठा दिवस असायचा. दुसऱ्या दिवशी त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं. येशूने शेवटच्या जेवणात भाकर मोडून शिष्यांना दिली, तिची आठवण म्हणून सगळी मंडळी एकाच भाकरीचे तुकडे खातात. ती बेखमीर भाकर, म्हणजे न आंबवलेल्या गव्हाच्या पिठाची जाड पोळी, एस्तेरबाईंच्या हातची असायची. त्यांच्या आधी त्यांची आई करायची. त्या दिवशी तवा राखेनं घासून लख्ख व्हायचा, बाई डोक्यावर पदर घ्यायच्या आणि भसाड्या आवाजात उपासनेतली गाणी म्हणत कणीक मळायच्या. मी एकदा "मी लाटू का?" असं विचारलं, तर म्हणाल्या, "नंदा, बाकी माझ्या घरातलं काहीही माग. हे नको." उरलेल्या कणकेत गूळ घालून केलेली चानकी, म्हणजे छोटी पोळी, मात्र मला हमखास मिळायची. आपल्याकडे काय आहे म्हणून देवाला आपली गरज पडावी, असं त्यांना कुणी विचारलं असतं, तर त्यांनी ती भाकर दाखवली असती.

रिटायर झाल्यावर थोड्याच काळाने त्यांना त्रास सुरू झाला. आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला कॅन्सर निघाला. पुण्याला मोठं ऑपरेशन झालं. आमच्याकडे त्या रोगाचं नाव कुणी घेत नाही. "तो आजार" म्हणतात आणि आवाज खाली जातो. मी मोसंबी घेऊन भेटायला गेले, तेव्हा रस्ताभर सांत्वनाची वाक्यं जुळवत होते. मराठीची शिक्षिका असून एकही धड जमेना.

बाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. निम्म्या झाल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "आलीस? ये, जाऊबाईंना भेट." मी खोलीत इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहुणी आली आहे का म्हणून. तेवढ्यात बाईंनी गाऊन वर केला. पोटावर डाव्या बाजूला एक पिशवी चिकटवलेली होती आणि पिशवीच्या आत ओल्या गुलाबाच्या कळीएवढा लालबुंद मांसाचा गोळा.

मी सर्द झाले. मोसंबी खाली पडली आणि खाटेखाली गेली.

"हे माझं आतडं," बाई शांतपणे म्हणाल्या. "खालचा रस्ता डॉक्टरांनी कायमचा बंद केला. आता सगळा कारभार इकडून. हिला कुलूप नाही. हिच्या मनात येईल तेव्हा येते, वाटेल तेव्हा आवाज करते, चार माणसांत तर हटकून करते. लग्न केलं नाही म्हणून जाऊ चुकली होती बघ, ती अशी आली."

"काहीतरीच काय बाई!"

"काहीतरी कसं? जाऊ कुणी पसंत करून आणतं का? ती येते. तिच्याशी पटो न पटो, एकाच घरात राहायचं. रोज उठून भांडत बसलं तर स्वयंपाक कोण करणार?"

मला हसावं की रडावं कळेना. मी मोसंबी शोधायच्या निमित्ताने खाटेखाली वाकले आणि तिथेच थोडा वेळ राहिले.

आता कुणाला वाटेल, बाई भलत्या धीराच्या. तसं नव्हतं. पुढच्या खेपेला गेले तर त्या लसूण सोलत रडत होत्या. घळाघळा, आवाज करून. आयुष्यात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी धावले, पाणी आणलं, "रडू नका, रडू नका" सुरू केलं. त्यांनी मला हाताने बाजूला सारलं. "रडू दे गं. रात्री पिशवी निघाली, सगळं अंथरूण घाण झालं. माझी मलाच किळस आली. मग रडू नको तर काय करू?" आणि हे बोलताना लसूण सोलणं थांबलं नव्हतं. रडणंही थांबलं नव्हतं. दोन्ही शेजारी शेजारी चाललं होतं. चटणी झाली, तेव्हा त्यांनी नाक पुसलं आणि मला ताट वाढलं. माणूस रडतो तेव्हा बाकी सगळं थांबतं, अशी माझी समजूत होती. ती चटणी मला गिळवेना.

पुढे त्यांना बरं वाटायला लागलं. चर्चला जायला आणि शनिवारी भाकर करायलाही लागल्या. आणि तेव्हा तो सत्काराचा प्रकार झाला.

आपल्या लोकांची एक खोड आहे. एखाद्याला उठवायचं असलं की आपण "ऊठ" म्हणत नाही, त्याला शाल घालतो. चर्चच्या पंचांपैकी एकांच्या बायको, कमलबाई, स्वभावाने प्रेमळ, कुणाच्याही मयतीला सगळ्यात आधी पोचणाऱ्या. त्यांच्या मनात किंतू आला. पोटावर तसली पिशवी आणि त्याच हातांनी प्रभूची भाकर? तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून सत्कार ठरला. मलाही बोलावणं होतं. बाईंना वाटलं, शाळेतल्या सेवेबद्दल राहून गेलेला असेल. त्यांनी ठेवणीतली साडी काढली.

उपासना संपल्यावर कमलबाई माइकवर आल्या. एस्तेरबाईंनी किती वर्षं भाकरीची सेवा केली, त्यांच्या आईने कशी केली, हे सांगताना त्यांनी खरोखरच डोळे पुसले. "आता आपल्या बाईंनी आराम करावा, असं आपण सगळ्यांनी प्रेमानं ठरवलं आहे," त्या म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. चर्चच्या तरुण धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, शाल उघडली. मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. टाळ्यांच्या मध्येच त्यांना उमगलं. चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं.

आभाराचे दोन शब्द बोलायला त्या उभ्या राहिल्या. पाठ ताठ.

"मंडळींना सलाम," त्या म्हणाल्या. "माझी मयत एवढ्या थाटात होईल असं मला वाटलं नव्हतं."

कुणीतरी हसायला गेलं आणि मध्येच थांबलं. बाईंची शाळेतली भाषा सुटली आणि घरातली आली. "कुणी तोंडानं बोललं न्हाई, म्हणून मीच बोलते. माझ्या पोटाला पिशवी हाय. तिच्यात शी असती. तुमच्या पण पोटात आत्ता असंल, फक्त तुमची दिसत न्हाई. हात मी साबणानं धुते. तुम्ही बी धूत असाल, अशी आशा हाय."

देवाच्या घरात, भर माइकवर, हा शब्द! मला भोवळ यायची बाकी राहिली. चर्चमध्ये पंख्यांचा तेवढा आवाज. आणि त्या शांततेत बाईंच्या पोटातून लांबलचक, स्पष्ट आवाज आला. माइकने तो शेवटच्या बाकापर्यंत पोचवला.

बाईंनी पोटावर हात ठेवला. "जाऊबाई आमेन म्हणाल्या," एवढं बोलून त्या खाली बसल्या. पाळकसाहेबांनी घाईघाईने आशीर्वाद उरकला.

मला वाटलं, आता या लोकांची मान खाली जाईल. खरं इतकं उघडं सांगितल्यावर कोण अडवणार? पुढच्या प्रभुभोजनाला टेबलावर बेकरीतला पाव होता, चौकोनी तुकडे केलेला. हे ऐकून मला बसलेला धक्का पिशवी बघितली तेव्हाच्यापेक्षा मोठा होता. खरं बोललं की फरक पडतो, असं मी इतकी वर्षं पोरींना फळ्यावर लिहून देत आले होते.

"आता जाऊ नका त्या चर्चला," मी संतापून म्हणाले.

"का?"

"का काय? चीड नाही येत?"

"येते ना. पाव बघितला की इथं आग होते," त्यांनी छातीवर मूठ ठेवली. "होऊ दे. चिडलेल्या बाईला चर्चमध्ये बसू देत नाहीत असं कुठं लिहिलंय? मी माझी चीड घेऊन जाते. ती बसते एका बाजूला, जाऊबाई दुसऱ्या बाजूला. बाक भरल्यासारखा दिसतो." मग म्हणाल्या, "भाकरीचं मात्र लई लागलं गं नंदा. आतडं कापलं त्याचं एवढं नाही लागलं." शनिवारी तवा मात्र त्या अजूनही राखेने घासत होत्या.

त्याच हंगामात त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती पाटसजवळ दिली होती. तिचे सासरे, आबा, साखर कारखान्यात शेतकी खात्यात नोकरी केलेले, गावात दबदबा असलेले. त्यांचं बाईंसारखंच ऑपरेशन झालं होतं आणि घरी आल्यापासून त्यांनी खोली सोडली नव्हती. जेवण दारातून आत घ्यायचे. बायकोलाही आत येऊ देत नव्हते. सुनेला भलतीच भीती वाटत होती, आबांनी विहिरीकडच्या दाराची किल्ली मागून घेतली होती.

आम्ही दोघी निघालो. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुला आणि तिथून पुढे पाटस. उसाच्या ट्रॉल्यांमागे एसटी रांगत होती आणि बाई खिडकीशी पोटावर पर्स धरून गप्प बसल्या होत्या. मी म्हटलं, आबांना काय सांगायचं ते ठरवताय का? "नाही," त्या म्हणाल्या. "पिशवी भरत आलीय आणि बसमध्ये वास सुटतोय का याची लाज वाटतेय." मी गार पडले. चर्चमध्ये माइकवर बोलणाऱ्या या बाईला लाज वाटते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आबा खिडकी लावून अंधारात बसले होते. धोतर, पांढऱ्या मिशा, नजर जमिनीवर. बाई सरळ आत गेल्या आणि खुर्चीवर बसल्या.

"सलाम आबा. मी तुम्हाला धीर द्यायला आले नाही. मला आधी चहा पाहिजे, लांबून आलेय."

सुनेने चहा आणला. बाईंनी बशीत ओतून फुर्रकन प्यायला. मग म्हणाल्या, "मला पण पिशवी हाय. दाखवू?"

मी दारात उभी होते, तिथेच चौकट धरली. परक्या गावात, परक्या पुरुषाला! आबाही हादरले. "नगं, नगं बाई," ते हात हलवत म्हणाले. बऱ्याच दिवसांत ते कुणाशी बोललेले हे पहिले शब्द होते.

"मग बोला."

"काय बोलू? म्या आता माणूस ऱ्हायलो न्हाई. सोसायटीच्या मीटिंगला पुढच्या खुर्चीत बसणारा मी. आता कुणापशी बसलो आन् वास आला म्हंजी? लाज वाटती बाई. लाज वाटायची थांबली की मंग जाईन."

"नाही थांबत," बाई म्हणाल्या.

"आँ?"

"नाही थांबत, आबा. मी वाट बघून बघितली. आज बसमध्ये अख्खा रस्ता लाज वाटली. लाज घेऊनच आले. तिला तिकीट लागत नाही."

आबांनी पहिल्यांदा वर बघितलं. मग एवढा मोठा माणूस आईसमोर रडावं तसा रडला आणि बाईंनी त्यांना गप्प केलं नाही. रडणं ओसरल्यावर बाईंनी विचारलं, "तुमच्या घरी खरवस असतो म्हणे?" आबा उठले आणि स्वतः सैपाकघरात विचारायला गेले. त्यांची बायको चुलीपाशी होती. त्यांना दारात बघून तिने तोंडाला पदर लावला. विहिरीकडच्या दाराची किल्ली बाईंनी निघताना आबांच्या देखत उशाखालून उचलली आणि सुनेच्या हातात दिली. आबांनी ती देऊ दिली.

परतीच्या बसमध्ये बाई खुशीत असतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "कुणाच्या तरी कामाला हात आले. पण शनिवारचे हात रिकामेच आहेत बघ."

नंतरच्या उन्हाळ्यात रोग परत आला, या वेळी यकृतात. डोळे हळदीसारखे पिवळे झाले. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मी शेवटचं त्यांना भेटले तो दिवस मला आत्ताही लख्ख दिसतो. सकाळी फोन आला. "लवकर ये. परात धरायचीय."

पाळकसाहेब आजारी माणसाला घरी प्रभुभोजन द्यायला येणार होते. बाईंनी खाटेवरच परात मांडली होती. उठायची ताकद नव्हती. मी परात धरली आणि त्यांनी पीठ मळलं. मध्येच थांबायच्या, डोळे मिटायच्या, परत मळायच्या. मी हात पुढे केला तर नजरेनेच अडवला. तवा मी तापवला, पण भाकर त्यांनी गॅसजवळ खुर्चीत बसून स्वतः भाजली. मग मी त्यांना धरून परत खाटेवर आणलं.

पाळकसाहेबांबरोबर कमलबाई आल्या होत्या. पाळकसाहेबांनी पिशवीतून पावाच्या तुकड्यांचा डबा काढला, द्राक्षरसाची बाटली काढली.

"साहेब, डबा मिटा," बाई म्हणाल्या आणि फडक्यातली भाकर पुढे केली.

पाळकसाहेबांनी कमलबाईंकडे बघितलं. कमलबाई जमिनीकडे बघत होत्या. या शेवटच्या वेळीही नाही म्हणाले तर? पाळकसाहेबांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी डबा मिटला. दोन्ही हातांनी ती भाकर घेतली, उपकारस्तुतीची प्रार्थना केली आणि मोडली. एक तुकडा बाईंना, एक कमलबाईंना, एक स्वतः. मग सगळ्यांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले.

मी त्यांच्यातली नव्हते, माझे डोळे उघडे होते. म्हणून मला दिसलं. कमलबाईंनी तो तुकडा तोंडात घातलाच नाही. हळूच पदराच्या टोकात घेतला आणि गाठ मारली.

माझ्या अंगातून वीज गेली. मरायला टेकलेल्या बाईच्या घरात! मी बाईंकडे बघितलं, त्यांना तरी हे कळू नये म्हणून. त्यांचेही डोळे उघडे होते. त्या त्या गाठीकडेच बघत होत्या. ते पिवळे डोळे भरून आले. पण त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

आमेन झालं. पाळकसाहेब डोळे पुसत बाटली बंद करू लागले. "नंदा, चहा टाक," बाई म्हणाल्या. रागाच्या भरात मी निम्मा चहा बशीतच सांडला. कमलबाई कप घ्यायला कचरल्या.

"घे कमल," बाई म्हणाल्या. आवाज अगदी हलका, पण त्यात विखार नव्हता, हे मी देवाशपथ सांगते. "चहा नंदाच्या हातचा आहे. निवांत घे."

कमलबाईंनी वर बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. कप त्यांनी हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. मग त्यांनी तो खाली ठेवला. पदराची गाठ सोडायला लागल्या, ती सुटेना, दातांनी सोडवली. तुकडा तोंडात घातला. हुंदक्यांमुळे त्यांना तो चावता येत नव्हता.

एस्तेरबाई उशीवर पडून त्यांच्याकडे बघत होत्या. नखांच्या कडेला पीठ वाळलं होतं. कमलबाईंचा घास खाली उतरेपर्यंत त्यांनी वाट बघितली आणि मग, कुठल्याही बाईने पाहुणीला विचारावं तसं काळजीने विचारलं,

"कच्ची नाही ना गं राहिली?"